सॅलड हेल्दी, मग ड्रेसिंग का नाही?

वजन कमी करायचं ठरलं की आपण एक पोळी कमी करतो, ताटात काकडी, गाजर, टोमॅटो वाढवतो आणि त्यावर बाटलीतलं गोडसर ड्रेसिंग सढळ हाताने ओततो. एकदा त्या बाटलीचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तेल आणि साखर अनेकदा वरच्याच नावांत सापडतात.

तेल अजिबातच नको, असंही नाही. गाजरातलं बीटा कॅरोटीन शरीरात नीट शोषलं जायला थोडा स्निग्धांश लागतोच. फक्त एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, हे विसरू नका.

माझा सोपा उपाय म्हणजे चक्का. पाव चमचा मोहरीची पूड थोड्या पाण्यात नाकात झणका येईपर्यंत फेसा. तिच्यामुळे तेल आणि लिंबाचा रस एकजीव राहतो. त्यात अर्धी वाटी चक्का, एक छोटा चमचा शेंगदाण्याचं तेल, अर्ध्या लिंबाचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड घाला. झाकणाच्या बरणीत जोरात हलवा. फार घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी.

मीठ चिमूटभरच. घरात कुणाला बीपी असेल तर तेही वगळा, लिंबू-जिऱ्यामुळे चव येतेच.

एकदा मी सकाळीच सगळं कालवून डबा नेला. मिठाने काकडीला पाणी सुटलं आणि दुपारी चक्क सूप प्यायले! तेव्हापासून ड्रेसिंग वेगळ्या डबीत नेते. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.