खरी गाडी, खरी उडी

रोहित शेट्टी यांच्या चित्रपटात एखादी तरी गाडी हवेत उडाली नाही, तर प्रेक्षकाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. २०११ च्या 'सिंघम'मध्ये बाजीराव सिंघम या मराठी पोलीस अधिकाऱ्याच्या संवादांना जेवढ्या शिट्ट्या पडल्या, तेवढ्याच गाड्यांच्या कोलांट्यांनाही पडल्या. शेट्टींच्या या उडणाऱ्या गाड्यांमध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ वारंवार दिसते. २००२ मध्ये बाजारात आलेली, नाशिकच्या कारखान्यात घडलेली ही गाडी वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत कुठल्याही चौकात उभी असते. लग्नाच्या वरातीत ती असते, निवडणुकीच्या ताफ्यात असते, कंत्राटदाराच्या दारात असते. रोज समोरून जाणारी गाडी पडद्यावर भिरभिरत आपटते, म्हणून काळजाचा ठोका चुकतो.

अमेरिकन प्रेक्षकाचं असंच नातं होतं डॉज चार्जर, डॉज चॅलेंजर आणि फोर्ड मस्टँग या गाड्यांशी. त्यांना 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराची, दोन दारांची, तरुणाच्या खिशाला झेपेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्या बोनेटखाली मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं, एवढीच तिची कल्पना. १९६४ मध्ये पाँटियाक कंपनीने जीटीओ आणली, तिथून ही लाट उसळली असं मानतात. मध्यम गाड्यांत फार मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता. पाँटियाकच्या अभियंत्यांनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन 'जादा पैसे देऊन घ्यायची सोय' म्हणून टेम्पेस्ट गाडीत बसवलं आणि नियमातून वाट काढली.

हे आकडे आपल्याकडच्या गाडीशेजारी ठेवले की अंदाज येतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आयुष्य काढलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. १९६८ च्या चार्जरमध्ये मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या इंजिनांपैकी एक होतं ७.२ लिटरचं आणि ३७५ अश्वशक्तीचं. एका चार्जरच्या इंजिनात पद्मिनीची साडेसहा इंजिनं मावली असती.

डॉज हे नाव मात्र महाराष्ट्राला परकं नव्हतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्यांची जुळणी सुरू झाली. या गाड्या थोराड, संथ, कुटुंबवत्सल होत्या. त्याच घराण्यातली चार्जर अमेरिकेत धुमाकूळ घालत होती, तेव्हा आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध होते आणि पेट्रोल ही चैन होती. वर्ध्यापुरतं बोलायचं तर अमेरिकन मोटारीची इथली सर्वांत प्रसिद्ध आठवण अगदी उलट टोकाची आहे. जमनालाल बजाज यांच्या फोर्डला बैल जुंपले जात, गांधीजी तिच्यात बसत आणि तिला 'ऑक्स-फोर्ड' असं नाव पडलं होतं.

गाड्यांच्या पाठलागाचा चित्रपट म्हटलं की जाणकार पहिलं नाव घेतात ते १९६८ च्या 'बुलिट'चं. दिग्दर्शक पीटर येट्स, नायक स्टीव्ह मॅक्क्वीन, गाव सॅन फ्रान्सिस्को. पाठलाग सुमारे अकरा मिनिटांचा आहे. पुढे पळते काळी चार्जर, मागे लागते हिरवी मस्टँग. हा पाठलाग पुन्हा पाहायचा असेल तर सुरुवातीच्या एका क्षणावर नजर ठेवावी. चार्जरचा ड्रायव्हर, चष्मा लावलेला बिल हिकमन, शांतपणे सीटबेल्ट बांधतो. क्लिक असा आवाज होतो, टायर किंचाळतात आणि तिथेच लालो शिफ्रिन यांचं संगीत थांबतं. मग पाठलाग संपेपर्यंत एकही वाद्य वाजत नाही. ऐकू येतात ती फक्त इंजिनं, गिअर आणि चढावरून उतारावर आदळणारी गाडी. तो आदळण्याचा आवाज आणि त्यानंतर सस्पेन्शन खाली बसून पुन्हा वर येणं, यातच या चित्रपटाची सगळी जादू आहे. दीड टनापेक्षा जड लोखंड खरोखर खाली येत असतं आणि डोळा वजन ओळखतो.

हिकमन स्वतः मुरलेले स्टंट ड्रायव्हर होते. मस्टँगच्या जोखमीच्या दृश्यांत मॅक्क्वीनच्या जागी बड एकिन्स बसले होते. सगळ्या स्टंटची आखणी केरी लॉफ्टिन यांची. रस्ते पोलिसांच्या मदतीने बंद केलेले होते, तरी गाड्यांनी ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वर वेग गाठला. शेवटी चार्जर पेट्रोल पंपावर आदळून स्फोट होतो, त्या दृश्यात खरं तर गाडी पंपाच्या बाजूने पुढे निघून गेली होती. स्फोट मात्र ठरल्या वेळी झाला आणि संकलक फ्रँक केलर यांनी ती चूक कात्रीने झाकली. चार्जरची व्हीलकॅप वाटेत जितक्यांदा निखळते तितकी चाकं त्या गाडीला नाहीत, आणि एकच हिरवी फोक्सवॅगन पुन्हापुन्हा मागे पडते. तरीही केलर यांना त्या वर्षीचं संकलनाचं ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच होतं.

'बुलिट'साठी दोन मस्टँग वापरल्या होत्या. एक चेहऱ्याची, म्हणजे नायक आत बसलेला दाखवायची. दुसरी मार खाण्याची, उड्यांची. चेहऱ्याची गाडी पुढे न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने विकत घेतली आणि अनेक वर्षं घरची गाडी म्हणून वापरली. मॅक्क्वीनने ती परत मागणारं पत्र पाठवलं, तरी त्यांनी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये तिच्या लिलावाचा हातोडा चौतीस लाख डॉलरवर पडला. उड्यांची मस्टँग मात्र मोडीत गेली असंच सगळे धरून चालले होते. २०१७ मध्ये ती मेक्सिकोत एका भंगारखान्यातून आलेली सापडली. रंग बदललेला, पत्रा गंजलेला. सस्पेन्शनच्या आधारांना चित्रीकरणाआधी दिलेली मजबुती अजून जागेवर होती आणि तिच्यावरूनही ओळख पटायला मदत झाली. कुठली गाडी दिवाणखान्यात जाते आणि कुठली भंगारात, हे या दोघींच्या नशिबावरून कळतं. कौशल्य मात्र दुसरीच्या अंगावर खर्च झालेलं असतं.

रस्त्यावरच्या चित्रपटाचं दुसरं शिखर म्हणजे १९७१ चा 'व्हॅनिशिंग पॉइंट'. कोवाल्स्की नावाचा माणूस पांढरी डॉज चॅलेंजर डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचवायला निघतो आणि वाटेत पोलिसांना न जुमानता पळत राहतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. नेवाडाचं उघडं वाळवंट, सरळसोट रस्ता, क्षितिजावर एक पांढरा ठिपका. वर्ध्याच्या वाचकाला हा रस्ता आता कल्पनेने रंगवावा लागत नाही, कारण जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी असा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि तसाच लांबच लांब सरळ रस्ता दारात आला. अशा रस्त्यावर एकसारखं पाहत राहिलं की डोळे उघडे असतात आणि मन झोपतं. समृद्धीवरच्या अपघातांनंतर या गुंगीची चर्चा झाली. पडद्यावरचा रस्ता आधी मोकळा केलेला असतो आणि प्रत्येक वळण आधी मोजलेलं असतं. समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, ती याच फरकासाठी.

इथेही स्टंट लॉफ्टिन यांचेच; चॅलेंजर निवडण्यामागे त्यांचं कारण अश्वशक्तीचं होतं तसं सस्पेन्शनचंही होतं. ही गाडी दणके सोसेल, असा त्यांना भरवसा होता. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जास्त दमदार बसवले, बाकी गाड्या जवळपास शोरूममधून आल्या तशाच वापरल्या. शेवटच्या दृश्यात बुलडोझरवर आदळून जळते ती गाडी मात्र चॅलेंजर नाही. तो जुन्या शेव्हरोले कॅमेरोचा इंजिन काढलेला सांगाडा होता. त्यात स्फोटकं भरली होती आणि चॅलेंजरला लांब दोर बांधून तो ओढला होता.

उडीचं शास्त्र समजून घ्यायला 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' ही मालिका बघावी. १९७९ ते १९८५ चाललेल्या या मालिकेत केशरी रंगाची १९६९ ची चार्जर जवळजवळ दर भागात उडते. पहिली उडी नोव्हेंबर १९७८ मध्ये जॉर्जिया राज्यात मारली गेली. अंतर ८२ फूट, उंची सुमारे १६ फूट. मसल कारचं सगळं वजन पुढे, इंजिनात. त्यामुळे रॅम्प सोडला की नाक खाली जातं आणि गाडी तोंडावर आपटते. उपाय साधा होता. डिकीत वाळूची पोती किंवा काँक्रीट भरायचं. तरीही खाली आल्यावर गाडी बहुधा वाकडीच होई आणि पुन्हा चालवण्याजोगी राहत नसे. सात हंगामांत तीनशेच्या आसपास चार्जर खर्ची पडल्या, असं सांगतात. आज त्या गाडीला जपणारी माणसं हा आकडा ऐकून हळहळतात, आणि त्यांची हळहळ खरी आहे.

गाडी उलटवायची असेल तर आणखी वेगळी युक्ती लागते. जुनी पद्धत तिरक्या पाइपची. एका बाजूची चाकं त्याच्यावर चढतात आणि गाडी कुशीवर वळते. बुटक्या, रुंद गाडीला हे सहज जमत नाही. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन नुसत्या रॅम्पवरून उलटेचना, तेव्हा तिच्या पोटात नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली. कळ दाबली की दांडा जमिनीवर हाणतो आणि गाडी फेकली जाते. अ‍ॅडम कर्ली या ड्रायव्हरने त्या गाडीच्या सात कोलांट्या घेतल्या आणि तो विक्रम ठरला. स्कॉर्पिओसारखी उंच गाडी मात्र गुरुत्वमध्य वर असल्यामुळे लवकर कलंडते. तिला मजबूत चासी आहे, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे शेपूट घसरवता येतं. फाइट मास्टरच्या दृष्टीने ती कामाची गाडी आहे.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीला हे शिक्षण तुटपुंज्या साधनांवर मिळालं. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचा वेग खरोखर पळून दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून कॅमेरा सेकंदाला चोवीस चौकटींऐवजी कमी चौकटींवर चालवायचा आणि गाडी भन्नाट पळाल्यासारखी दाखवायची. जुने पाठलाग बघताना माणसांच्या हालचाली टुणटुणत्या दिसतात, त्या यामुळे. फिरोझ खान यांची चाल निराळी होती. १९८० च्या 'कुर्बानी'त त्यांनी खरीखुरी मर्सिडीज भिंतींवर आदळून तिचा चेंदामेंदा केला. दोन वर्षं आधीच्या 'द ड्रायव्हर' या अमेरिकन चित्रपटात असाच प्रसंग आहे. पण ज्या देशात साध्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, तिथे मर्सिडीज फोडण्याचा परिणाम काही वेगळाच होता.

१९९१ च्या 'फूल और कांटे'मध्ये अजय देवगण दोन धावत्या मोटारसायकलींवर उभा राहून पडद्यावर येतो. त्याचे वडील वीरू देवगण हे नावाजलेले फाइट मास्टर. याच चित्रपटाच्या दिग्दर्शन विभागात एक मुलगा सहायक होता, रोहित शेट्टी. त्याचे वडील एम. बी. शेट्टी हेही फाइट मास्टर आणि टक्कल केलेले खलनायक म्हणून प्रसिद्ध. वीस वर्षांनी अजय आणि रोहित या दोघांनी मिळून 'सिंघम' केला. शेट्टींच्या चित्रपटांवर गोंगाटाची टीका होते आणि तिच्यात तथ्यही आहे. तरी संगणकावर गाडी फोडणं सोपं झालेल्या काळात ते खऱ्या गाड्या खऱ्या रॅम्पवरून उडवतात, याचं मोल मोठं आहे. संगणकातली गाडी पडते तेव्हा धूळ उडते, पण पत्रा दुमडण्याआधी टायर जमिनीत दबतो ते क्वचितच दिसतं.

ज्यांना हे पडद्याशिवाय पाहायचं असेल त्यांनी जत्रेतल्या मौत का कुआँची पायरी चढावी. फळ्यांची गोल विहीर, तळाशी तिरका कठडा, वर सरळ भिंत. आत मारुती ८०० शिरते. तिच्यात मसल कारचं काहीच नाही. ७९६ सीसीचं इंजिन, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. तळाला दोन फेऱ्या, मग कठडा, मग भिंत. वेगामुळे गाडी भिंतीवर दाबली जाते आणि टायरची पकड तिला धरून ठेवते. वेग कमी झाला की पकड संपली. वर कठड्याला टेकून उभ्या माणसांच्या हाताखाली फळ्या थरथरतात, पेट्रोलचा धूर नाकात जातो आणि ड्रायव्हर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन प्रेक्षकाच्या हातातली नोट ओढून नेतो. इथे दुसरा टेक नसतो.

चित्रपटात दुसरा टेक असतो, पण तो नेहमी मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूत नागपट्टिनम जिल्ह्यात एका तमिळ चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. रॅम्पवरून गाडी उलटवताना एस. एम. राजू या अनुभवी स्टंटमनचा मृत्यू झाला. रोल केज, हेल्मेट, पट्टे हे सगळं असूनही या कामातला धोका शून्य होत नाही, आणि भारतात स्टंट कलाकारांसाठी विम्याची व्यवस्था फार उशिरा, त्यातही अक्षयकुमारसारख्या एखाद्या नटाच्या पुढाकाराने सुरू झाली. हे काम निर्मात्यांच्या संस्थांनी पहिल्यापासून करायला हवं होतं.

पुरस्कारांतही हीच दिरंगाई दिसते. आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत स्टंटसाठी स्वतंत्र विभाग आला तो २०१७ च्या चित्रपटांपासून, आणि पहिला मान 'बाहुबली २'ला गेला. ऑस्कर अकादमीने स्टंट आखणीच्या पुरस्काराची घोषणा एप्रिल २०२५ मध्ये केली. तो २०२७ च्या चित्रपटांसाठी २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात पहिल्यांदा दिला जाईल. बिल हिकमन १९८६ मध्ये गेले, केरी लॉफ्टिन १९९७ मध्ये आणि बड एकिन्स २००७ मध्ये.