न्हाणीघर

न्हाणीघर किंवा स्नानगृह म्हणजे घरातील स्नानासाठी राखलेली खोली. जुन्या मराठी घरांत न्हाणी बहुधा परसाच्या बाजूस असे व पाणी तांब्याच्या बंबात तापवीत. आधुनिक न्हाणीघराच्या आराखड्यात जागा, निचरा, वायुवीजन आणि सुरक्षितता यांचा विचार करावा लागतो.

जागा
राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२००५) न्हाणीघराचे क्षेत्रफळ किमान १.८ चौरस मीटर असावे. शौचकूप त्यातच असल्यास ते किमान २.८ चौरस मीटर असावे.

निचरा
फरशीला जाळीकडे उतार देतात. जाळीखालील ‘नहाणी ट्रॅप’मध्ये थोडे पाणी कायम साचलेले असते. त्यामुळे सांडपाण्याच्या नळातील दुर्गंधी व कीटक वर येत नाहीत. फरशी बसवण्यापूर्वी जलरोधक थर देऊन त्यावर पाणी साठवतात आणि गळती तपासतात. नंतर दोष आढळल्यास फरशी फोडावी लागते.

वायुवीजन व सुरक्षितता
दमट हवा बाहेर जाण्यासाठी उंचावर झरोका किंवा पंखा आवश्यक असतो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझर प्राणघातक ठरू शकतो. त्याच्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्याने धोका जाणवण्यापूर्वीच शुद्ध हरपते. म्हणून असा गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

वृद्धांसाठी खरखरीत फरशी व भिंतीला आधारदांडी असावी. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत पडलेल्या व्यक्तीमुळे आत उघडणारे दार अडते व मदत पोहोचण्यास विलंब होतो.