बाटली न उघडता ओळखा खरी लस!

नर्सताई छोट्याशा बाटलीतून सिरिंज भरतात आणि आपण डोळे मिटून दंड पुढे करतो. त्या बाटलीत खरंच लस आहे का, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे?

३० मे २०२१ रोजी मुंबईत कांदिवलीच्या एका सोसायटीत ३९० जणांनी पैसे भरून कोरोनाची लस घेतली. पण कुणालाच ताप आला नाही, हातही दुखला नाही. पुढे प्रमाणपत्रं आली तीही वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाची! लोकांना संशय आला आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं. बाटल्यांत सलाईनचं पाणी असावं, असा पोलिसांचा संशय होता. अशा बनावट शिबिरांत मुंबईतले दोन हजारांहून अधिक लोक फसले. पैसे तर गेलेच, पण 'आता आपण सुरक्षित आहोत' या समजुतीत वावरणं त्याहून धोक्याचं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत आणि युगांडात सापडलेल्या बनावट कोविशील्डबद्दल इशारा दिला. भारतातली नकली बाटली २ मिलीलीटरची होती. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मात्र त्या मापात ही लस बनवतच नव्हती, म्हणून ती बाटली पकडली गेली. पण नकली माल बनवणाऱ्यानं माप, लेबल, झाकण सगळं हुबेहूब केलं तर?

अशा वेळी मदतीला येतो प्रकाश! आणि या गोष्टीचा एक धागा आपल्या चेन्नईत आहे. मरीना किनाऱ्यासमोरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच, १९०६ मध्ये, एका मुलाचा प्रकाशावरचा पहिला शोधनिबंध छापून आला. वय फक्त १८! त्याचं नाव सी. व्ही. रामन. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांनी 'रामन परिणाम' शोधला आणि १९३० मध्ये नोबेल मिळवलं.

हा परिणाम समजायला सोपा आहे. एकाच रंगाचा प्रकाश एखाद्या पदार्थावर टाकला, की बहुतेक प्रकाश त्याच रंगात विखुरतो. अगदी थोड्या प्रकाशाचा रंग मात्र किंचित बदलतो. हा बदल पदार्थातल्या रेणूंवर अवलंबून असतो. म्हणजे हा जणू त्या पदार्थाच्या बोटांचा ठसाच.

पण मध्ये काच असते ना? काचेचाही स्वतःचा ठसा उमटतो. त्यावर इंग्लंडमधल्या रदरफोर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत एक युक्ती निघाली. लेझर एका जागी टाकायचा आणि परतणारा प्रकाश थोडा बाजूला टिपायचा. त्यामुळे काचेचा ठसा फिका पडतो आणि आतल्या द्रवाचा उठून दिसतो. याच तंत्रानं विमानतळांवर बंद बाटल्यांतले द्रव तपासले जातात. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांसोबत या चमूनं हातात धरण्याजोगं यंत्र लसींवर वापरून पाहिलं. या प्रकल्पात सीरम इन्स्टिट्यूटही सहभागी होती. बाटली न उघडता खरी आणि खोटी लस वेगळी ओळखता येते, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं.

गंमत म्हणजे यंत्राला मुख्यतः दिसते ती लसीतली साखर आणि इतर पूरक द्रव्यं. लसीचा मूळ घटक फारच थोडा असतो. सलाईनमध्ये ही साखर नसते, म्हणून चोरी उघडी पडते. पण एक लक्षात ठेवा, खरी लस उन्हात राहून निकामी झाली असेल, तर ते हे यंत्र सांगेलच असं नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणी आणि २ ते ८ अंशांची थंड साखळी हवीच.

असं यंत्र प्रत्येक केंद्रावर पोहोचेपर्यंत आपले डोळे आहेतच. लस नेहमी अधिकृत केंद्रावरच घ्या. टोचण्याआधी बाटलीवरचं नाव आणि मुदतीची तारीख पाहा. बाळाच्या अनेक लसींच्या बाटलीवर गोलात एक चौकोन असतो. तो चौकोन गोलापेक्षा फिका असेल, तरच लस वापरायची. आणि नर्सताईंना विचारायला अजिबात लाजू नका. प्रश्न आपल्या माणसांच्या आरोग्याचा आहे!