मजूर लावला की गट मालक होतो



उचल, मुकादम, कोयता, खाडा. हे चार शब्द आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला शिकवावे लागत नाहीत. दसरा-दिवाळी आली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई अशा भागांतून टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हे शब्द त्यांच्यासोबत जातात. पण आता आपल्यातल्याच काही गटांनी डाळमिल टाकली आहे, कुणी पापड-शेवया करतात, कुणी मसाला कांडतात. काम वाढले की गटाबाहेरच्या दोन-चार बायका रोजाने बोलावल्या जातात. त्या दिवसापासून गट मालक होतो. म्हणून मालकाला माहीत असावेत असे काही शब्द आज आम्ही सांगणार आहोत.

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. कामगारांचे २९ जुने कायदे त्यांत एकत्र आणले आहेत. त्यातली वेतन संहिता एक माणूस कामाला लावणाऱ्यालाही लागू होते. ‘आमचा तर छोटासा गट आहे’ म्हणून सुटका नाही.

पहिला शब्द सभासद आणि दुसरा मजूर. नफ्यात वाटा घेते, बैठकीत मत देते, ती सभासद. ठरलेल्या पैशावर काम करते ती मजूर, मग ती आपली जाऊ असो की शेजारीण. हा फरक आधीच वहीत लिहून ठेवावा. नाहीतर नफा वाटताना ती परकी आणि मजुरी मागताना ती घरची, असे होऊन बसते.

मग येते हजेरी. रोजगार हमीचे मस्टर आपण पाहिलेले आहे. ज्याचे नाव मस्टरवर, त्याचा दिवस भरला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशेब मुकादम बहुतेक नवऱ्याशीच करतो. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, पण तिच्या नावाचा कागद कुठेच नसतो. आपल्या कामावर जोडी मांडायची नाही. प्रत्येकीचे नाव वेगळे, सही किंवा अंगठा वेगळा, पैसे तिच्याच हातात नाहीतर तिच्याच खात्यात. किती दिवस भरले, किती पैसे झाले, काय कापले, हे लिहिलेली वेतनचिठ्ठी तिला द्यायची. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तर नेमणूकपत्रही द्यावे लागते. कमी असली तरी काम, दर आणि वेळ एका कागदावर लिहून द्यावी. भांडण टळते.

किमान वेतन म्हणजे शासनाने ठरवलेली, त्याच्या खाली जाता येत नाही अशी मजुरी. प्रत्येक उद्योगाचा दर वेगळा असतो. आपल्या राज्यात त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, म्हणून वर्षातून दोनदा सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात दर विचारून घ्यावा. पापड किलोवर लाटायला दिले तरी दर असा ठेवावा, की दिवसभर राबणाऱ्या बाईच्या हाती दिवसाचे किमान वेतन पडेल. आणि समान वेतन म्हणजे सारख्या कामाला बाई-पुरुष दोघांना सारखे पैसे. हा कायदा १९७६ पासून आहे. तरी खुरपणीला एक दर आणि फवारणीला दुसरा, असे गावोगाव चालते. बायकांच्या गटाने तरी ते चालवू नये. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे. काम सोडले किंवा काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा.

आता खाडा. समजा, रोज पाचशे रुपये ठरला आहे. बाई एक दिवस आली नाही तर त्या दिवसाचे पाचशे तिला मिळणार नाहीत. इथपर्यंत ठीक. पण खाडा म्हणून वर आणखी पाचशे कापणे कायद्यात बसत नाही. कपात गैरहजर वेळेपुरतीच. दंड लावायचाच झाला तर तो शासनाने मान्य केलेल्या कारणासाठी, तिचे म्हणणे ऐकून घेऊन, आणि त्या पगाराच्या शंभरात तीन रुपयांच्या वर नाही.

खाड्याची ही भीती साधी नाही. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या वेळच्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणे अनेक होती. पण पाळीत, दुखण्यात एक दिवस बसले तर दंड पडतो, हे अनेकींनी सांगितले. आपल्या कामावर एखादी पोट धरून बसली तर तिला घरी पाठवा. खाडा लावू नका.

उचल म्हणजे आगाऊ रक्कम. अडीनडीला मजुराला पैसे देणे गुन्हा नाही. ते लिहून द्यावे, हप्त्याने कापावे. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. पण ‘पैसे फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही’ असे बांधून ठेवले की ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद केली आहे.

मुकादम म्हणजे कंत्राटदार, आपल्याकडचा गुत्तेदार. गटाने पॅकिंगचे काम गुत्त्याने दिले आणि गुत्तेदाराने बायकांचे पैसे बुडवले, तर ‘आम्ही त्याला दिले होते’ म्हणून हात झटकता येत नाहीत. ज्याचे काम तो मुख्य मालक, आणि मजुरीची अखेरची जबाबदारी त्याचीच.

काही जबाबदाऱ्या माणसांच्या संख्येवर येतात. दहा आकडा लक्षात ठेवा. दहा किंवा जास्त जणी कामाला असतील तर बाळंतपणाची पगारी रजा द्यावी लागते. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस भरलेले असले की पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे मिळते. दवाखान्यासाठी राज्य विमा, आणि पाच वर्षे काम केलेल्या बाईला सोडताना ग्रॅच्युइटी, म्हणजे दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, हेही दहापासूनच. वीसपासून भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समितीही दहापासून लागते. हा कायदा २०१३ चा. त्याची सुरुवात मात्र एका गावातून झाली. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या गावपातळीवरच्या एका कार्यकर्तीवर १९९२ साली अत्याचार झाला, आणि त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला. दहापेक्षा कमी जणी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ती तीन महिन्यांच्या आत करावी.

एवढे सगळे एका दिवसात होणार नाही. पुढच्या बैठकीत तीन ठराव करा: हजेरीची वही घालायची, दर भिंतीवर लिहायचा, खाडा लावायचा नाही. कुठे अडले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००.

मुकादमाच्या वहीत आपले नाव नव्हते. आपल्या वहीत दुसऱ्या बाईचे नाव असलेच पाहिजे.