मिसेरिओर : उपवासाच्या पैशातून उभी राहिलेली संस्था

मिसेरिओर ही जर्मनीतल्या कॅथलिक बिशपांची विकासकार्यासाठीची संस्था. मुख्यालय आखेन शहरात. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या गरीब समाजांच्या कामांना ती पैसा पुरवते. स्वतः मात्र तिथे शाळा, दवाखाना किंवा शेतीचा प्रकल्प चालवत नाही. तिचे नाव मार्कच्या शुभवर्तमानातल्या भुकेल्या जमावाच्या प्रसंगातून, त्याच्या लॅटिन पाठातून घेतलेले आहे.

संस्थेचा जन्म 1958चा. त्या वर्षी 19 ऑगस्टला फुल्डा येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल योझेफ फ्रिंग्ज यांनी जगातली भूक आणि रोगराई यांविरुद्ध मोहीम उघडण्याचा प्रस्ताव मांडला. फ्रिंग्ज यांना टंचाई म्हणजे काय ते चांगले ठाऊक होते. युद्धानंतरच्या कडाक्याच्या थंडीत कोलोनचे लोक मालगाड्यांवरून कोळसा पळवत. जगण्यापुरते दुसऱ्या कोणत्याच मार्गाने मिळत नसेल, तर ते घेणाऱ्याला दोष देता येणार नाही, असे त्यांनी 1946च्या शेवटच्या दिवशी व्यासपीठावरून सांगितले होते. तेव्हा जर्मन कुटुंबे अमेरिकेतून येणाऱ्या अन्नाच्या खोक्यांची वाट पाहत. दहा-बारा वर्षांत चित्र पालटले. कारखाने धडाडून चालू झाले, घरोघरी चांगले दिवस आले आणि घेणारा देश देणारा होऊ शकतो, हे बिशपांच्या लक्षात आले.

प्रस्तावाचा आधार अगदी जुना होता. राखेच्या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ वसईच्या कॅथलिक घरांतही पाळला जातो. या दिवसांत खाणेपिणे कमी करून जे वाचेल ते गरिबाला द्यावे, ही त्यामागची शिकवण. फ्रिंग्ज यांनी गरिबाची व्याख्या गावाच्या वेशीपलीकडे नेली. त्यांनी दोन अटीही घातल्या. हा पैसा धर्मप्रसारासाठी वापरायचा नाही आणि मदत धर्म न पाहता गरज पाहून द्यायची. शिवाय नुसती मदत पुरेशी नाही, सत्ताधाऱ्यांच्या सदसद्विवेकालाही हात घातला पाहिजे, असे त्यांनी बजावले. पुढच्या काळात संस्थेला सर्वांत जड गेले ते हेच तिसरे काम.

1959च्या उपवासकाळातल्या पहिल्या संकलनात तीन कोटी मार्कांहून अधिक रक्कम जमली. मुळात एकदाच करायचे म्हणून ठरलेले काम त्यामुळे कायमचे झाले. आजही उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी जर्मनीतल्या कॅथलिक चर्चमध्ये फिरणारी दानाची थैली मिसेरिओरसाठी असते. कॅथलिक मदतसंस्थांनी आपसांत कामे वाटून घेतली आहेत. धर्मकार्याला मिसिओ, लॅटिन अमेरिकेतल्या चर्चला आडवेनियाट, मुलांसाठी राजांचा वेष करून दारोदार गाणी म्हणणाऱ्या पोरांची संस्था, आणि आपत्तीच्या वेळी कारितास. मिसेरिओरच्या वाट्याला दीर्घ मुदतीचे विकासकाम आले.

ते चालते अर्जावर. विहिरी खणायच्या की बियाण्यांची बँक काढायची, हे आखेनमध्ये ठरत नाही. स्थानिक संस्था, धर्मप्रांताचे समाजसेवा केंद्र किंवा शेतकऱ्यांची संघटना आपली अडचण, योजना आणि अंदाजपत्रक लिहून पाठवते. अर्जदार कॅथलिक असलाच पाहिजे असे नाही. आखेनचे लोक अर्ज तपासतात, प्रश्न विचारतात, हप्त्याहप्त्याने पैसे सोडतात आणि हिशेब मागतात. ही पद्धत संथ आहे, कागदपत्रांनी भरलेली आहे आणि इंग्रजीत उत्तम अर्ज लिहू शकणाऱ्यांना ती झुकते माप देते. तरी परक्या तज्ज्ञाने गावात येऊन गावाचे भले ठरवण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

भारतातल्या कॅथलिक बिशपांची कॅरितास इंडिया ही 1962मध्ये स्थापन झालेली संस्था मिसेरिओरची जुनी सहकारी. तीही उपवासकाळात भूक आणि रोग यांविरुद्धची मोहीम चालवते. मिसेरिओरचे सुरुवातीचे घोषवाक्य नेमके हेच होते.

जर्मनीतल्या लोकांपर्यंत पोचण्यासाठी मिसेरिओरने एक विसरत चाललेली प्रथा उचलली. मध्ययुगात युरोपात उपवासकाळी वेदीसमोर मोठे कापड टांगून ती झाकत. डोळ्यांनाही उपवास घडावा हा हेतू. पुढे त्या कापडांवर चित्रे आली. झिटाऊ शहरात 1472चे असे एक कापड आहे. त्यावर बायबलमधली 90 दृश्ये ओळीने रंगवलेली आहेत. 1945मध्ये सोव्हिएत सैनिकांनी त्याचे तुकडे करून ते न्हाणीघराला आडोसा म्हणून लावले होते, तरी ते वाचले. मिसेरिओरने 1976मध्ये ही प्रथा नव्याने सुरू केली, पण कुंचला दिला गरीब देशांतल्या चित्रकारांच्या हाती. पहिले कापड पुण्यात जन्मलेले चित्रकार ज्योती साही यांचे. 1982मध्ये हैतीचे जाक शेरी यांनी झाडावर खिळलेला ख्रिस्त आणि वर इंद्रधनुष्य रंगवले. 1992चे कापड अर्जेंटिनाचे नोबेल शांतता पारितोषिक विजेते आदोल्फो पेरेझ एस्किवेल यांनी केले. जर्मनीतल्या एखाद्या खेड्यातला भाविक वेदीकडे पाहतो, तेव्हा त्याला आपल्या पैशाने पोसलेल्या गरिबाचा फोटो दिसत नाही. त्या गरिबाच्या देशातल्या माणसाने वाचलेले बायबल दिसते. मदत मागण्याची याहून सभ्य रीत सापडणे कठीण.

फ्रिंग्ज यांच्या तिसऱ्या अपेक्षेनेही हळूहळू मूळ धरले. गरीब देशांतल्या उत्पादकांना रास्त भाव देणाऱ्या गेपा या व्यापारी कंपनीत मिसेरिओर भागधारक आहे. भारत-नेपाळातल्या गालिचांच्या मागांवर मुलांना राबवले जाऊ नये म्हणून 1990च्या दशकात रगमार्क हे चिन्ह निघाले, त्यामागेही कैलाश सत्यार्थींसारख्या भारतीय कार्यकर्त्यांबरोबर ती होती. 1996मध्ये तिने पर्यावरण संघटना बुंडच्या साथीने वुपरटाल संस्थेकडून एक अभ्यास करून घेतला. त्याचा रोख थेट जर्मनांवर होता : तुमचा ऊर्जेचा आणि वस्तूंचा वापर जगाला परवडणारा नाही, तो कमी करा. देणगीदारांना असे सुनावणाऱ्या धर्मादाय संस्था थोड्याच.

पैशाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. 1962पासून जर्मन सरकार विकासनिधीचा एक भाग चर्चच्या संस्थांमार्फत खर्च करते. सरकार देशादेशांशी करार करते, पण आदिवासी पाड्यावरच्या बचतगटापर्यंत पोचत नाही. चर्चची माणसे पोचतात, हे त्यामागचे साधे गणित. प्रकल्प सरकार ठरवत नाही, असा संकेत आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. तरी आज मिसेरिओरच्या उत्पन्नातला अर्ध्याहून मोठा वाटा सरकारी आहे. सत्ताधाऱ्यांना जाब विचारणाऱ्या संस्थेला हे अवघडच.

घेणाऱ्या देशांतही नियम बदलले. भारतात परकीय देणग्यांचा कायदा 1976पासून आहे, 2010मध्ये तो नव्याने आला आणि 2020मध्ये आणखी कडक झाला. आता असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरतो, प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे आणि एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसरीला देता येत नाही. मोठ्या संस्थेने निधी घेऊन गावोगावच्या लहान गटांना वाटायचा, ही वर्षानुवर्षांची घडी त्यामुळे मोडली.

जर्मनीत चर्चच रिकामे होत चालले आहे. एकट्या 2022मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांनी कॅथलिक चर्च सोडले. पाचव्या रविवारची थैली त्यामुळे हलकी होत आहे आणि मिसेरिओरचे काम अधिकाधिक बर्लिनच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहू लागले आहे.