भिंतीवरची लक्ष्मी आणि जपानच्या रेशीमवाल्या

पनवेल तालुक्यात खारघरजवळ बेलपाडा आहे. १९७० नंतर नवी मुंबई उभी राहू लागली आणि या पट्ट्यातली भाताची खाचरे हळूहळू इमारतींखाली गेली. जुनी घरे पाडून नवी बांधताना माणसे भांडी-कुंडी जपून नेतात. पण काळवंडलेली तसबीर मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. तुमच्याही घरात अशी कमळात उभी लक्ष्मी असेल, तर ती टाकण्याआधी थोडे थांबा.

ती तसबीर बहुधा राजा रविवर्म्यांच्या चित्रावरून छापलेली असेल. त्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. बेलपाड्याहून पुण्याच्या वाटेला लागा, घाट चढून लोणावळा ओलांडा, की मळवली येते. जर्मन कारागिरांच्या मदतीने तिथे दगडावरून छपाई होई. तेलकट खडूने दगडावर चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वर तेलकट शाई फिरवायची. पाणी शाईला दूर ठेवते, खडूची रेघ तिला धरते. प्रत्येक रंगाला दगड वेगळा! राजवाड्यातली लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला अशी गरिबाच्या ओसरीवर आली. १९७२ साली हा कारखाना आगीत जळाला. म्हणून उरलेल्या तसबिरींचे मोल अधिक.

हाच खटाटोप जपानने आपल्याआधी सव्वाशे वर्षे केला होता. १७६५ च्या सुमारास तिथे अनेक रंगांची लाकडी ठशांची चित्रे निघू लागली. चित्रकार कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून कोरणारा रेघ तेवढी उठावाची ठेवी. मग रंगागणिक वेगळी फळी. छापणारा फळीवर कुंचल्याने रंग लावून वर दमट कागद ठेवी आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या चकतीने घासून काढी. कागद तुतीच्याच कुळातल्या झाडाच्या सालीचा. चित्रे स्वस्त, म्हणून साधी माणसेही घेत.

या चित्रांत बायका फार. उतामारो नावाच्या चित्रकाराने नटलेल्या सुंदरी काढल्या, तशी लेकराला अंगावर पाजणारी आईही काढली. आणि शेतकऱ्याच्या घरी सांगावे असे म्हणजे, सुमारे १८०० साली त्याने रेशीमकामावर बारा चित्रांची मालिका केली. त्यात बायका तुतीचा पाला चिरतात, अळ्यांना घालतात, कोष उकलून धागा काढतात. आज आपल्याकडे मराठवाड्यात रेशीमशेती करणाऱ्या भगिनींना ती चित्रे ओळखीची वाटतील.

आपल्या भिंतीवर मात्र लक्ष्मी आली, पण चिखलात वाकून आवण लावणारी घरची लक्ष्मी आली नाही. तरी तिचा हात तसबिरीला लागलाच. कित्येक घरांत बायकांनी देवीच्या छापील पातळावर जर, टिकल्या, मणी शिवून बसवले. अशी सजवलेली तसबीर आज संग्राहक शोधत फिरतात.

जुनी छपाई ओळखायची कशी? भिंग घेऊन पाहा. दगडावरच्या छपाईत दाणे वेडेवाकडे दिसतात. हल्लीच्या नकलेत ठिपके एकसारखे रांगेत असतात. जपानी लाकडी ठशाचा रंग पुष्कळदा कागदाच्या पाठीमागेही उमटलेला दिसतो.

तसबीर ओल्या फडक्याने पुसू नका. पावसाळ्यात भिंत ओल धरते, तेव्हा मागे लाकडाच्या चिपा लावून हवेला जागा ठेवा. समईचा धूर आणि ऊन यांपासून दूर टांगा. दारावर आलेल्याला किरकोळ पैशांत देऊन टाकू नका. आधी दोन जाणकारांना दाखवा.

आणि एक करा. आजीचा शेतातला एखादा फोटो असेल, तर त्याच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने तिचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. उतामारोच्या त्या बायका कोण होत्या, हे चित्र सांगत नाही. आपल्या आजीचे तसे होऊ नये.