नाव एक, यंत्रे दोन

खेळासाठी संगणक टेबलावरचा घ्यावा की लॅपटॉप, हा प्रश्न चैनीचा वाटला तरी मध्यमवर्गीय घरात त्यात कित्येक महिन्यांची बचत गुंतलेली असते. ग्राहक फसतो तो नावाला. एनव्हिडियाचे २०२२ साली आलेले आरटीएक्स ४०९० हे कार्ड डेस्कटॉपमध्ये ४५० वॅटपर्यंत वीज घेते. स्मृती २४ गिगाबाइट. २०२३ साली लॅपटॉपमध्ये त्याच नावाने जे आले, त्याची स्मृती १६ गिगाबाइट, वीज सुमारे १५० वॅट. चिपही निराळी, धाकटी! पातळ पेटीत उष्णतेला वाट मिळत नाही, हे खरेच. परंतु मग नाव तेच कशासाठी? शिवाय डेस्कटॉपचे कार्ड पुढे बदलता येते, लॅपटॉपचे बहुधा मदरबोर्डलाच जोडलेले असते. वसतिगृहातील विद्यार्थ्याला अर्थात लॅपटॉपावाचून गत्यंतर नाही. त्याने निदान वॅटचा आकडा विचारून मगच पैसे मोजावेत.